काकांची गॅरंड आणि बाहेरचे पार्ट : एक प्रकरण अभ्यास

तक्रार साधी होती. रायफल अडकत नव्हती, नेमही बरा लागत होता. पण बाहेर फेकल्या गेलेल्या रिकाम्या पुंगळ्यांच्या बुडाची कड वाकत होती आणि काहींची तर चक्क फाटली होती. रायफल एम-1 गॅरंड, स्प्रिंगफील्ड आर्मरीची, नळीवर डिसेंबर 1943 चा शिक्का. मालक म्हणजे आमच्या ओहायोतल्या मराठी मंडळाचे काका. पिंपरीत टूलरूममध्ये उमेदवारी केलेले, पुढे इथल्या मोटारींच्या कारखान्यात डाय बनवून निवृत्त झालेले. ही रायफल त्यांनी एका जुन्या संग्राहकाच्या घरच्यांकडून घेतली. रेंजवर कागदी लक्ष्यावर झाडायला, दुसरं काही नाही.

‘झीज थांबवणारे’ म्हणून विकले जाणारे बरेच सुटे भाग काकांनी तोवर ऑनलाइन निवडून ठेवले होते. जादा ताकदीची स्प्रिंग, गॅसचा जोर कमीजास्त करता येणारा गॅस प्लग, शिवाय एक सरकारी शिलकी साठ्यातला ऑप रॉड (ऑपरेटिंग रॉड, गॅसच्या जोरावर यंत्रणा हलवणारा दांडा). मला म्हणाले, “अरे, पैसे भरायच्या आधी जरा डोळ्याखालून घाल. यातलं खरं कामाचं किती आणि शोभेचं किती?” त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना काय काय पाहिलं, काय घेतलं आणि काय नाकारलं, ते इथे मांडतो.

आधी यंत्र समजून घेऊ

जॉन गॅरंड मूळचा कॅनडातल्या क्वेबेकचा. 1919 ते 1953 तो मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड आर्मरीत होता. त्याची ही रायफल अमेरिकी लष्कराने 1936 मध्ये स्वीकारली, आणि पुढे सगळ्या कारखान्यांतून मिळून सुमारे 54 लाख बनल्या. आपल्या पोलिसांच्या जुन्या थ्री-नॉट-थ्रीला दर गोळीमागे बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता तुकडा) हाताने ओढावा लागतो. गॅरंड ते काम दारूच्या गॅसवर स्वतःच करते. चाप आठ वेळा ओढायचा, आठवी गोळी सुटली की आठ काडतुसं एकत्र धरणारी क्लिप रिकामी होऊन टण्णकन उडून बाहेर.

हे होतं कसं, तर नळीच्या तोंडापासून साधारण दीड इंचावर, खालच्या बाजूला एक बारीक छिद्र आहे. गोळी तिथून पुढे गेली की मागचा दाबाचा गॅस त्या छिद्रातून खालच्या गॅस सिलिंडरमध्ये शिरतो (स्वयंपाकघरातला नव्हे, बोटभर जाडीची पोलादी नळी) आणि दट्ट्याला मागे ढकलतो. हा दट्ट्या म्हणजेच ऑपरेटिंग रॉडचं पुढचं टोक. रॉड लांबलचक, जागोजागी मुद्दाम वाकवलेला. नवखा माणूस तो हातात घेऊन ‘वाकलाय की हा’ म्हणत सरळ करायला जातो, आणि तिथेच त्याची वाट लावतो. रॉड मागे यायला लागला की पहिले सुमारे आठ मिलिमीटर बोल्टला हातही लावत नाही. गोळी नळीबाहेर पडून दाब उतरावा म्हणून ही उसंत ठेवलेली आहे. मग तो बोल्ट फिरवून मोकळा करतो, मागे नेतो, रिकामी पुंगळी ओढून फेकतो आणि स्प्रिंगच्या जोरावर नवी गोळी घेऊन पुढे येतो.

या सगळ्या रचनेचा हिशेब एका ठरावीक काडतुसावर बसवलेला आहे. ते म्हणजे लष्कराचं एम-2 बॉल : 150 ग्रेनची, म्हणजे पावणेदहा ग्रॅमच्या आसपासची गोळी, वेग सेकंदाला सुमारे 835 मीटर, आणि मध्यम गतीने जळणारी दारू. छिद्र नळीच्या टोकाशी असल्याने महत्त्व कशाला आहे, तर गोळी टोकापर्यंत पोचेस्तोवर दाब किती उरतो याला. सावकाश जळणारी दारू आणि जड गोळी असेल तर चेंबरमधला (नळीच्या मागच्या टोकाची पोकळी, जिथे काडतूस बसतं) कमाल दाब नियमात राहूनही टोकाशी दाब जास्त उरतो. काडतुसाच्या खोक्यावर, पुस्तकात, सगळीकडे चेंबरचाच दाब छापलेला असतो. छिद्रापाशी किती, ते ग्राहकाला कुणी सांगत नाही.

काकांकडे काय होतं? एक मित्र पश्चिमेकडे राहायला गेला, तो जाताना .30-06 ची, म्हणजे गॅरंडच्याच मापाची, शिकारीची काडतुसं काकांच्या गळ्यात मारून गेला. 180 ग्रेनची, शिशाचं टोक उघडं असलेली. ओहायोत हरणाच्या शिकारीला बाटलीच्या घाटाच्या काडतुसाची रायफल चालत नाही, तेव्हा ती शिकारीला निरुपयोगीच. पण फुकट आलेली वस्तू टाकून देणाऱ्यांतले काका नव्हेत. रेंजवर तीच खपत होती.

उघडून पाहिलं तेव्हा

गॅरंड उघडायला अवजार लागत नाही. ट्रिगर गार्ड मागून सोडवून खाली ओढला की ट्रिगरचा सगळा संच हातात येतो, मग लाकडी दस्ता सुटतो. काकांनी मायक्रोमीटर काढला. दट्ट्याचा व्यास 0.5255 इंच भरला. नवा 0.526 असतो आणि 0.525 च्या खाली गेला की बाद. म्हणजे पास, पण काठावर. सिलिंडरचं आतलं माप 0.532 ची मर्यादा ओलांडत नव्हतं. स्प्रिंग मात्र टेबलावर सरळ ठेवून मोजली तर पावणेएकोणीस इंचांच्याही आत. 19 च्या खाली गेलेली स्प्रिंग बदलायची, हा जुना लष्करी नियम. नवी पावणेवीस इंचांच्या आसपास असते.

वंगणाचा पत्ता नव्हता. म्हणजे तेल होतं, पातळ, वासाचं, कुणीतरी हौसेने चोपडलेलं. गॅरंडला लागतं ग्रीस : बोल्टचा उजवा कान ऑप रॉडच्या ज्या खाचेत फिरतो तिथे, रॉड रिसीव्हरवरून (बोल्ट ज्यात बसतो तो रायफलीचा मुख्य सांगाडा) घसरतो त्या पट्टीवर, नळीच्या खालच्या बाजूला. सैनिकांच्या दस्त्यात ग्रीसची इवलीशी डबी असायची ती उगाच नाही. पातळ तेल एकदोन क्लिपांत उडून जातं आणि मग पोलाद पोलादाला घासतं.

रिसीव्हरच्या मागच्या आतल्या भिंतीवर, जिथे बोल्ट मागे येऊन थांबतो, नखाएवढा चकचकीत डाग होता. धातू किंचित दबल्यासारखा. काकांनी त्यावर भिंग धरलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. बाकी पार्ट बदलता येतात; रिसीव्हर म्हणजेच रायफल, त्यावरच तिचा नंबर. तिथे तडा गेला तर खेळ खलास.

फाटलेल्या कडांचा अर्थही इथेच लागला. रॉडला नको तेवढा जोर मिळाला की बोल्ट लवकर आणि वेगात उघडतो. त्या क्षणी पितळी पुंगळी दाबाने फुगून चेंबरला चिकटलेली असते, आणि एक्स्ट्रॅक्टरची आकडी तिला ओढायला लागते. पुंगळी सुटत नाही, आकडी सोडत नाही, मग पितळ फाटतं. काही जण पुंगळी कुठल्या दिशेला उडते यावरून निदान करतात. माझा त्यावर फारसा विश्वास नाही. एकाच क्लिपमधल्या आठ पुंगळ्या आठ दिशांना जाताना पाहिल्या आहेत.

आणखी एक गोष्ट निघाली. ऑप रॉडवरचा क्रमांक डी 35382 ने सुरू होणारा, आणि मागच्या भागाच्या आतल्या कोपऱ्यात पुढे जी अर्धगोल खाच मारत ती नव्हती. युद्धकाळातल्या रॉडांना तो कोपरा काटकोनी होता. ताण तिथे एकवटायचा आणि रॉडला तडे जायचे. म्हणून युद्धानंतर दुरुस्तीला आलेल्या रायफलींच्या रॉडांना सरसकट ती खाच मारली गेली. न मारलेला रॉड आज दुर्मीळ आहे, संग्राहक त्याला चांगली किंमत देतात. आणि नेमका तोच रॉड काका 180 ग्रेनच्या काडतुसांनी हाणत होते.

एकेक पार्ट

जादा ताकदीची स्प्रिंग आधी बाद केली. जाहिरात वाचायला बरी वाटते : कडक स्प्रिंग, म्हणजे बोल्ट मागे हळू येणार, म्हणजे रिसीव्हरला मार कमी. अर्धं खरं आहे. पण रॉडवरचा सगळ्यात मोठा ताण प्रवासाच्या शेवटी येत नाही, सुरुवातीला येतो. गॅसचा तडाखा बसतो तेव्हा स्प्रिंग जेमतेम दबायला लागलेली असते. रॉड वाकायचा किंवा तडकायचा तो तिथे, आणि कडक स्प्रिंग त्याबाबत जवळजवळ काहीच करत नाही. उलट साठलेला जोर ती परतीच्या वाटेवर काढते, बोल्ट जास्त जोरात पुढे आदळतो. शिवाय गॅरंडमध्ये हीच एक स्प्रिंग दोन कामं करते. तिचं दुसरं टोक क्लिपमधली काडतुसं वर ढकलणाऱ्या दांड्याला जोडलेलं आहे. ती बदलली की तो हिशेबही बदलतो. मूळ ताकदीची नवी स्प्रिंग मात्र हवीच होती. थकलेली स्प्रिंग काढून मापाची घालणं वेगळं, आणि मापापेक्षा कडक घालणं वेगळं.

ऑप रॉड घेतला. शिलकीतला, युद्धानंतरचा, खाच मारलेला. जुना रॉड पुसून, तेलाचा हात फिरवून कपाटात गेला. इथे काकांचं आणि माझं वाजलं. त्यांचं म्हणणं, “मूळ रॉड काढला की रायफल मूळ राहिली कुठे?” जुनी कास्ट आयर्न बुलेट मोटारसायकल बाळगणाऱ्यांत हे दोन पंथ आपण पाहतोच : एक जण कारखान्याचा शिक्का नसलेला स्क्रूही लावून घेत नाही, दुसरा रोज चालवतो आणि लागेल तो पार्ट घालतो. माझं मत दुसऱ्या पंथाकडे झुकतं, पण एका अटीवर, की केलेलं सगळं परत फिरवता आलं पाहिजे. “काका, रॉड कपाटात आहे तोवर तो मूळ आहे. तडकला की तो भंगार.” हे त्यांना पटलं, बहुधा ‘भंगार’ या शब्दामुळे.

नवा रॉड बसवणं म्हणजे नुसतं घालणं नाही. स्प्रिंग न लावता रायफल जोडायची आणि पुढेमागे कलती करायची. रॉड स्वतःच्या वजनाने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकला पाहिजे. आमचा मध्येच एका जागी अडायचा. काकांनी मेणबत्ती लावली, रॉडला काजळी धरली, पुन्हा जोडून सरकवला. दस्त्याच्या पुढच्या लोखंडी टोपीच्या जरा मागे, आतल्या खोबणीत काळा ओरखडा उमटला. तिथलं लाकूड कागदाएवढं घासलं, बाहेरून दिसणार नाही इतकंच. काजळी धरायची, सरकवायचं, घासायचं, असं करत करत रॉड पाण्यासारखा सरकायला लागला. टूलरूमचा माणूस सोबत असला की हे काम बघायलाही मजा येते.

आता मुख्य प्रश्न, गॅस प्लग. गॅस सिलिंडरचं पुढचं तोंड एका जाड स्क्रूने बंद केलेलं असतं. बाजारातले पर्यायी प्लग याच स्क्रूची जागा घेतात आणि थोडा गॅस पुढच्या बाजूने हवेत सोडून देतात, म्हणजे दट्ट्यापर्यंत कमी पोचतो. काहींना ठरावीक मापाचं भोक असतं. काहींमध्ये, उदाहरणार्थ शुस्टर या कंपनीच्या प्लगमध्ये, आतला बारीक स्क्रू फिरवून गळती कमीजास्त करता येते आणि वरून नट आवळून ती पक्की करता येते. कल्पना मात्र नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात गॅरंडच्या तोंडावर ग्रेनेड फेकायचं एम-7 लाँचर बसवत. ग्रेनेडच्या वेळी दाब भयंकर, म्हणून याच जागी झडपेचा स्क्रू आला. लाँचर चढवला की झडप उघडी राहून गॅस बाहेर जायचा आणि रॉडला धक्काच बसायचा नाही. त्याच जागेचा वापर आज शिकारीच्या काडतुसांसाठी होतो आहे, एवढंच.

या प्लगना आत्ता मागणी का, याचंही कारण आहे. नागरिकांना या रायफली विकणारा सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम, ज्याचं उत्तरेकडचं ठाणं आमच्याच राज्यात एरी सरोवराच्या काठी कॅम्प पेरीला आहे, तो वर्षानुवर्षं ग्रीसमध्ये बनलेली एचएक्सपी छापाची शिलकी काडतुसं स्वस्तात देत असे. ती एम-2 च्या बरोबरीची होती. तो साठा संपला आणि लोक दुकानातल्या .30-06 कडे वळले.

प्लग लागतोच का? जाणकारांत एकमत नाही. एक बाजू म्हणते, गॅरंडमध्ये एम-2 शिवाय काहीही घालायचं तर प्लग हवाच. दुसरी म्हणते, वाकलेल्या रॉडांमागे खरं कारण मेलेल्या स्प्रिंगा आणि सुकलेलं वंगण असतं, काडतुसाला उगाच बदनाम केलं आहे. काकांच्या रायफलीत तिन्ही गोष्टी एकत्र होत्या, त्यामुळे दोष कुणाचा किती, हे सुटं करणं शक्य नव्हतं. माझं सरळ मत असं : ज्याला नुसती रेंजवर मारायची आहे, त्याने खोक्यावर एम-1 गॅरंड असं स्पष्ट छापलेली काडतुसं घ्यावीत. फेडरल, हॉर्नाडी, प्रवी पार्टिझान, सेलिये अँड बेलो हे सगळे बनवतात. मग प्लगची गरज नाही, मूळ स्क्रू जागेवर राहू दे. प्लग काकांसाठी घेतला तो 180 ग्रेनची ती खोकी संपेपर्यंत.

जे निवडलेल्यात नव्हतं

गॅरंडची नळी मागून साफ करता येत नाही, रिसीव्हर आडवा येतो. गज तोंडाकडूनच घालावा लागतो, आणि दर वेळी तो नळीच्या काठाला घासतो. त्यातून त्या काळच्या अमेरिकी .30 काडतुसांचे प्रायमर (बुडातली, ठिणगी पाडून दारू पेटवणारी टोपी) गंज आणणारं मीठ सोडणारे. सैनिकांना नळी रोज धुवावी लागायची. कित्येक जुन्या गॅरंडांची नळी आतून ठणठणीत आणि तोंड मात्र घासून गोलाई गेलेलं, असं सापडतं. गोळी शेवटचा स्पर्श करते तो याच काठाला. तो वाकडा असला की नेम गेला.

यावर उपाय आहे पितळेचा एक शंकू, मधोमध भोक असलेला. नळीच्या तोंडात बसवायचा आणि गज त्यातून घालायचा, म्हणजे गज मध्यावर राहतो. एका खोकाभर काडतुसांहून स्वस्त. त्यात काही तंत्रज्ञान नाही, फोटोत उठून दिसत नाही, म्हणून त्याबद्दल कुणी हिरिरीने बोलत नाही. काकांनी विकत घेतला नाहीच. गराजमधल्या लेथवर पितळेच्या तुकड्यातून स्वतः कातला. सगळ्या यादीत मला सगळ्यात जास्त आवडलेला पार्ट तोच.

रेंजवर

प्लग लावायची पद्धत उलटीकडून आहे. आधी गळती पूर्ण उघडी ठेवायची, इतकी की बोल्ट स्वतःहून पूर्ण मागे येणारच नाही. मग एकेक गोळी भरून झाडायची आणि दर वेळी आतला स्क्रू थोडा आवळत जायचा. क्लिप नसताना बोल्ट पूर्ण मागे आला की तिथेच अडकून राहतो. पहिल्यांदा तसा अडकला, की कमीत कमी लागणारा गॅस कळला. त्यापुढे किंचित आवळून भरलेली क्लिप चालवून पाहायची.

एकेक गोळी भरताना एक सावधगिरी. गॅरंडची फायरिंग पिन (प्रायमरवर आपटणारी सुई) आत मोकळी हलते, तिला मागे धरणारी स्प्रिंग नाही. चेंबरमध्ये हाताने गोळी टाकून बोल्ट वरून आपटू दिला, तर चाप न ओढताही ती झडू शकते. क्लिपमधून आलेली गोळी बोल्टचा वेग थोडा खाते. हाताने टाकलेली खात नाही. काकांनी एक न झाडलेलं काडतूस बाहेर काढून दाखवलं : प्रायमरच्या मधोमध टाचणीने टोचल्यासारखा बारीक खळगा. म्हणून एकेक गोळी भरायला क्लिपच्या जागी बसणारी छोटी पट्टी मिळते, ती वापरली.

180 ग्रेनवर प्लग बसला, नट आवळला, जागा रंगाच्या ठिपक्याने खूण करून ठेवली. पुंगळ्यांच्या कडा सरळ यायला लागल्या. मग मुद्दाम त्याच सेटिंगवर गॅरंडची म्हणून मिळणारी 150 ग्रेनची काडतुसं झाडली. रायफल अर्ध्यात अडकली, दुसरी गोळी आलीच नाही. काकांचा चेहरा पडला, मला मात्र तेच हवं होतं. सगळ्यात दांडग्या काडतुसावर प्लग बसवला की विसराळूपणाची शिक्षा फक्त अडकलेली रायफल. हलक्यावर बसवून चुकून दांडगं भरलं, तर शिक्षा रॉडला आणि रिसीव्हरला.

एक कुरबुर राहिली. हंगामाच्या मध्यावर नट सैल झाला आणि आतला स्क्रू खुणेपासून सरकला. काजळीही तिथे भरपूर साचते. मूळ स्क्रूला हे दुखणं नाही, कारण त्यात सैल व्हायला काहीच नाही. आता दर वेळी रेंजवर जाण्याआधी काका रंगाचा ठिपका पाहतात. रिसीव्हरच्या मागचा डाग पहिल्या दिवशी फूटपट्टी शेजारी धरून फोटोत घेतला होता. परवा पुन्हा घेतला, वाढलेला नाही. ग्रीस ठरल्या जागी आहे, दट्ट्या मापात आहे.

180 ग्रेनची शेवटची थोडी खोकी उरली आहेत. ती संपली की मूळ स्क्रू परत चढवायचा, असं ठरलं आहे. तोवर तो स्क्रू आणि 1943 चा रॉड एकाच कापडात गुंडाळून, रायफलीचा नंबर लिहिलेल्या चिठ्ठीसह कपाटात आहेत. चिठ्ठी मुलासाठी, कारण उद्या त्याने रायफल विकायला काढली तर कोणता पार्ट कुठला, हे सांगायला काका शेजारी असतीलच असं नाही.